तार, पहारेकरी आणि निकम हवालदार

“श्वास बंद! समद्यांनी श्वास बंद!”

माझा एक पाय दारात आणि एक बाहेर. नोकरीचा पहिला दिवस, हातात डबा, आणि समोर खाकी पँट घातलेला एक उंच माणूस पाण्याच्या भांड्यावर वाकून असा ओरडत होता, की सांगलीच्या विश्रामबागेतली कबुतरं उडून थेट माधवनगरला आमच्या घराच्या पत्र्यावर जाऊन बसली असणार. कोणीतरी पंखा बंद केला. टाइप करणाऱ्या बाईंची बोटं हवेत थांबली. मॅडम, म्हणजे या लॅबच्या मालकीण आणि पॅथॉलॉजिस्ट, फोनवर कुठल्याशा सर्जनशी बोलत होत्या. त्यांनीही वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि गाल फुगवून उभ्या राहिल्या. का ते कळलं नव्हतं, तरी मीही श्वास धरला.

त्या माणसाने डाव्या हातातल्या बारीक ब्रशने पाण्यावर तरंगणारं काहीतरी पुढे सारलं, उजव्या हातातली काच खालून अलगद वर घेतली आणि म्हणाला, “सोडा.” सगळ्या लॅबने कुकरच्या शिट्टीसारखा श्वास सोडला. मग माझ्याकडे वळून, “कुठलं गाव?”

“माधवनगर.”

“बरं. माधवनगर, उद्यापासनं दारात उभं ऱ्हायचं न्हाई. वारं येतं.”

पुढची आठ वर्षं त्यांनी मला माझ्या नावाने एकदाही हाक मारली नाही. फौजेत माणसाला गावाच्या नावाने ओळखायची सवय, ती त्यांनी इथेही चालू ठेवली होती. टाइप करणाऱ्या बाई ‘तासगाव’, झाडू मारणाऱ्या मावशी ‘मिरज’. मॅडम तेवढ्या मॅडम. आणि ते स्वतः सगळ्यांचे निकम हवालदार.

आमचं काम वाचकांना सांगायला हवं. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. त्याला मेणात बसवून वडी करायची, ती वडी यंत्राच्या पात्यावर धरून कापायची, आणि पडलेला काप कोमट पाण्यावर तरंगत असताना काचेवर उचलायचा. काप किती पातळ, तर डोक्यावरचा एक केस उभा चिरून त्याचे वीस-पंचवीस पदर काढले तर त्यातला एक. कोणी जवळ जोरात श्वास सोडला तरी त्याला सुरकुती पडते, आणि सुरकुतीत काय लपलंय ते डॉक्टरला दिसत नाही. हवालदारांच्या मते कुणाचंतरी मरण त्या सुरकुतीत बसलेलं असू शकतं. म्हणून श्वास बंद. एकदा एका औषध कंपनीच्या माणसाला त्यांनी इतका वेळ श्वास धरायला लावला, की तो काळानिळा होऊन खुर्चीत बसला आणि आमची दोन महिन्यांची रसायनं उधारीवर देऊन गेला. यातला उधारीचा भाग मी वाढवलेला आहे. काळानिळा झाला ते खरं.

हवालदार मूळचे पाटणच्या वरच्या अंगाचे. फौजेत सिग्नलमध्ये अठरा वर्षं टेलिफोनच्या तारा ओढल्या. बर्फात, दगडात, जिथे माणूस जात नाही तिथे. निवृत्त होऊन आले ते लॅबच्या दारात पहारेकरी म्हणून. जुना कापणारा नोकरी सोडून गेला, तेव्हा मॅडम स्वतः यंत्रावर झटत होत्या आणि प्रत्येक काप फाटत होता. दारातून हे म्हणाले, “मॅडम, पातं वाकडं बसलंय.” मॅडमनी वैतागून सांगितलं, तुम्हीच बसवा. यांनी बसवलं. बर्फात हातमोजे काढून तारेचे केसाएवढे धागे जोडलेला हात तो. सहा महिन्यांत हवालदार असे कापायला लागले, की डास सापडला असता तर त्याच्या पायाचेसुद्धा काप पाडून पायातले कुठले सांधे दुखतात ते सांगितलं असतं.

कॉलेजची मुलं-मुली लॅब बघायला यायची. मॅडम राउंडला गेल्या की हवालदार त्यांना दोन डोळ्यांच्या मायक्रोस्कोपपाशी बसवून आपला वर्ग सुरू करायचे. विषय एकच, तार आणि पहारेकरी. तार म्हणजे नस, मेंदूला खबर नेणारी. पहारेकरी म्हणजे पांढऱ्या पेशी, रोगाशी लढणाऱ्या.

“डास चावला, तर खाज तार आणती आन् सूज पहारेकरी आणतो, दोघांची खाती येगळी, असं तुमास्नी वाटतं,” ते म्हणायचे. “न्हाई रं. जिथं तार जाती तिथं पहारेकरी बसतो. एकाच खड्ड्यात. एकाच मगातला चहा पितात. तारेला टोचलं की ती वर हेडक्वार्टरला कळवती ते कळवतीच, पर शेजारच्यालाबी कोपर मारती, ऊठ म्हनून. त्यो उठला, त्यानं दारूगोळा सांडला, की तार अजून वळवळती. म्हनून खाजवल्यावर लय खाजतं.”

एका मुलीने विचारलं की हे पुस्तकात कुठल्या धड्यात आहे. हवालदार म्हणाले, “पुस्तकवाल्यांनी एका खोलीत तारा ठेवल्या, दुसऱ्या खोलीत पहारेकरी. अंगात खोल्याच न्हाईत, बाळ.”

मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला वाटलं, आता हवालदारांची हजेरी घेतली जाणार. त्या मुलांना म्हणाल्या, की हे सांगताहेत ते बरोबर आहे. कातडीत, आतड्यात, फुप्फुसात नसांची टोकं आणि या पेशी एकमेकींना चिकटून असतात आणि दोन्ही बाजूंनी निरोप जातात. आमच्या वेळी हे दोन वेगळे पेपर होते, दोन वेगळे मास्तर, आणि ते दोघे एकमेकांशी बोलत नसत. हवालदार त्या दिवशी इतके खूश झाले की त्यांनी माझा अख्खा डबा खाल्ला आणि स्वतःचाही सोडला नाही.

कातडीच्या एका कापात त्यांनी मला कुष्ठरोग दाखवला. वळणावळणाची गुलाबी जुडी, ती तार. तिच्याभोवती निळ्या ठिपक्यांची ही गर्दी, सांगलीच्या बाजारात शनिवारी असते तशी. “दुश्मन लय हुशार,” ते म्हणाले. “तारेच्या आतच घुसून बसलाय. पहारेकऱ्याला कळलं की त्यो गोळ्या घालनार. पर लागनार कुनाला? तारेला. आपलाच जवान, आपलीच तार.” आणि बराच वेळ डोळा मायक्रोस्कोपला लावून बसले. मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

इथून पुढे माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करायची गरज नाही.

तो एक साधा गुरुवार होता. काच सुकवायला आमच्याकडे गरम लोखंडी पाट असतो. हवालदार त्याच्या कडेला डावा हात टेकून मला बर्फातल्या एका अस्वलाची गोष्ट सांगत होते. माझ्या नाकाला केस जळाल्यासारखा वास आला. मी इकडे तिकडे बघितलं, वायर जळते की काय म्हणून. मग बघितलं तर हवालदारांच्या डाव्या हाताची करंगळीकडची कड पाटावर होती. तिथून वास येत होता. आणि हवालदार अस्वलाचं नाक किती मोठं होतं ते उजव्या हाताने दाखवत होते.

मी त्यांचा हात ओढला. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे. फोड आलेला. म्हणाले, “फौजी कातडी हाय.” मी हसलो. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फोड बघायला मॅडमनी त्यांची बाही वर सारली आणि कोपराखालचा फिकट चट्टा बघितला. कापूस फिरवून विचारलं, कळतंय का. हवालदार म्हणाले, डोळे मिटल्यावर न्हाई कळत. किती दिवस? त्यांनी बाही खाली ओढली. नंतर मला कळलं, दीड वर्ष. ज्या माणसाने आम्हाला तो रोग काचेवर ओळखायला शिकवला, त्याने दीड वर्ष स्वतःच्या हातावर तो शर्टाच्या बाहीखाली झाकून ठेवला होता. त्यांच्या लहानपणी गावात एका माणसाची ताटवाटी वेगळी केलेली त्यांनी बघितली होती. गोठ्यात जेवायचा. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि त्या माणसाचं नाव काही सांगितलं नाही.

चट्ट्याचा तुकडा काढून आमच्याच लॅबमध्ये आला. मॅडम म्हणाल्या, हा माधवनगरकर कापेल. हवालदार म्हणाले, “माझा माल मीच कापनार.” त्यांनी मेणाची वडी बसवली, पातं बघितलं आणि कापायला लागले. त्या दिवशी ते ओरडले नाहीत, तरी मॅडमनी आणि मी श्वास धरला. त्यांनी उचललेला काप इतका सुरेख होता की तो मी आजही नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवतो. कोणाचा ते सांगत नाही.

मॅडमनी त्यांना बसवून समजावलं. बरा होणारा आजार आहे. सरकारी दवाखान्यातून गोळ्यांची पाकिटं मिळतील, वर्षभर न चुकता घ्यायच्या. कोणाला लागण होईल याची भीती गोळ्या सुरू झाल्यावर उरत नाही. कातडी थोडी काळवंडेल, ती नंतर उजळेल. हवालदारांनी एकच विचारलं, “हात?” मॅडम म्हणाल्या, बोटांत अजून सगळी ताकद आहे, ती राखायची आहे. कोपर दुखलं, चट्टे लाल झाले, बोट जरा जरी ढिलं पडलं, तर त्याच दिवशी मला सांगायचं. त्याच दिवशी, हवालदार. मी शेजारीच उभा होतो. मी ऐकलं.

ही गोष्ट लॅबमध्ये तिघांनाच माहीत होती. घरी पाटणला त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. कातडी काळवंडली तेव्हा गावात सांगितलं, उन्हात फिरतोय. लॅबमध्ये दिवसभर यंत्रावर बसणारा माणूस उन्हात कुठे फिरतो, हे कोणी विचारलं नाही.

पाच महिने सुरळीत गेले. मग मॅडम मुलीच्या बाळंतपणासाठी अडीच महिने परदेशी गेल्या. रिपोर्ट बघायला दुसरे एक डॉक्टर दुपारी दोन तास यायचे आणि कोणाशी फारसं बोलायचे नाहीत. मॅडम गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात हवालदारांचे चट्टे लाल होऊन फुगले. विटकरीसारखे. कोपराच्या आतली नस हाताला दोरीसारखी लागायला लागली, आणि तिथे चुकून धक्का लागला की हा बर्फात अठरा वर्षं काढलेला माणूस भिंतीला टेकून उभा राहायचा.

मी म्हटलं, मॅडमना कळवू या.

त्यांनी मला शेजारी बसवलं. कागद घेतला आणि त्यावर तार काढली, तारेत दुश्मन काढला, भोवती पहारेकरी काढले. म्हणाले, “हे बघ माधवनगर. गोळीनं दुश्मन मेला. मेल्यावर त्याचं मढं तारेत पडलं. पहारेकऱ्याला आता त्याचा वास लागलाय. त्यो पिसाळलाय, म्हनून तार तापलीय. म्हंजे हे कुनी केलं? गोळीनं. गोळी थांबीव, म्हंजे नवं मढं पडनार न्हाई. पहारेकरी दमून बसंल. आमच्या पोस्टवर असंच झालतं. आपलीच मानसं आपल्याच लाइनीवर गोळ्या झाडाय लागली, तवा साहेबानं एकच हुकूम दिला. फायर बंद.”

हे इतकं पटण्यासारखं होतं. त्या कागदावर सगळं जिथल्या तिथे होतं. मी मान डोलावली. नुसती डोलावली नाही, वर माझंही काहीतरी जोडलं, की औषध अंगाला जास्त झालं तर उलटतंच, आमच्या आत्याचं तसंच झालं होतं. आमच्या आत्याचं काहीही झालं नव्हतं. त्यांना बरं वाटावं म्हणून आत्या तिथल्या तिथे आजारी पाडली.

त्यांनी गोळ्या बंद केल्या. दवाखान्यातून पाकिटं आणायचे आणि पात्यांच्या डब्यांखाली ड्रॉवरमध्ये ठेवायचे. आणि म्हणाले, मॅडमला न्हाई सांगायचं. तिकडं बाळंतपन हाय, उगी जिवाला घोर.

माझ्याबद्दल माझे मित्र सांगतील, की याच्या तोंडात तीळ भिजत नाही. लग्नं मी मोडली आहेत बोलून. शेजाऱ्याची बदली त्याच्या आधी मी गावाला सांगितली आहे. मॅडमचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, रोज सकाळी त्या सगळ्यांना बाळाचे फोटो पाठवायच्या, आणि मी रोज त्याखाली हात जोडायचो. त्या अडीच महिन्यांत माझ्या तोंडातून ही एक गोष्ट बाहेर पडली नाही. जन्मात एकदाच मी शब्द पाळला.

पहिल्यांदा ब्रश निसटला. मग काप फाटायला लागले. एका दुपारी त्यांनी एकाच वडीचे चौदा काप वाया घालवले, आणि कोणाला श्वास धरायला सांगितला नाही. मी म्हटलं, द्या, मी कापतो. तेव्हापासून त्यांच्या वाट्याच्या वड्याही मी कापायला लागलो आणि कापांच्या नोंदवहीत सही मात्र त्यांचीच राहिली. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं. ते हात खिशात ठेवायचे. मी त्यांना विचारायचो, बरं वाटतंय का. ते म्हणायचे, “ठनका कमी हाय आता. पहारेकरी बसतोय.” ठणका खरंच कमी झाला होता. तारच मेली होती म्हणून, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. की आम्ही सुचू दिलं नाही, कोण जाणे.

मॅडम परत आल्या, पेढे वाटले. पहिल्याच दिवशी चार काचा बघून त्यांनी वही मागवली. सही हवालदारांची आहे, पण कापणारा हात त्यांचा नाही, म्हणाल्या. हवालदार समोर उभे राहिले. मॅडमनी सांगितलं, हात बाहेर काढा. त्यांनी काढला.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ती दोन बोटं हातात धरून सरळ करून बघितली, सोडली, ती परत वळली. हवालदारांनी तो कागद काढला. त्यांनी तो जपून ठेवला होता. तार, दुश्मन, पहारेकरी. फायर बंद. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“हे चित्र बरोबर आहे, हवालदार,” त्या म्हणाल्या. “पहारेकरी पिसाळलेत, हेही बरोबर. पण गोळी थांबवून ते थांबत नाहीत. आत तुमचा हुकूम ऐकणारं कोणी नाही. त्यांना शांत करायचं औषध वेगळं असतं. ते द्यायचं आणि गोळीही चालू ठेवायची. पहिल्या दिवशी दिलं असतं तर बोटं वळली नसती.”

हवालदारांनी कागदाची घडी घातली. “आसं व्हय,” म्हणाले. जणू कोणीतरी एस.टी.ची वेळ बदललेली सांगितली.

ते औषध सुरू झालं, गोळ्याही परत सुरू झाल्या. सूज गेली, चट्टे विझले, पकडीत थोडी ताकद आली. दोन बोटं मात्र तशीच राहिली. मॅडमनी त्यांना नोंदी ठेवायचं काम देऊ केलं, खुर्ची दिली, टेबल दिलं. ते पंधरा दिवस बसले. मी यंत्रावर कापत असायचो आणि माझ्या पाठीला त्यांची नजर कळायची. मग एका शनिवारी पाटणला गेले ते सोमवारी आले नाहीत. कोणाच्यातरी हाती निरोप पाठवला, की माधवनगरला म्हणावं पातं जरा सरळ धरत जा.

मी वर्षभर गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. शेवटी गेलो तेव्हा त्यांच्या गोळ्यांचा हिशेब पुरा होऊन रोग बरा झाल्याचा कागद मिळालेला होता. गाव डोंगराच्या कुशीत, कराडहून दोन एस.टी. बदलून. हवालदार अंगणात वाल सोलत बसले होते, उजव्या हाताने शेंग मोडायचे आणि डाव्याच्या तीन बोटांनी दाणे काढायचे. रंग उजळला होता. वहिनींनी चहा आणला, मला एक कप, त्यांना एक, आणि स्वतः त्यांच्याच कपातला बशीत ओतून घेऊन शेजारी टेकल्या. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, “येगळं ताट मांडा म्हनत हुते मला. म्हटलं, अठरा वर्सं फौज, मग सांगली, एकटीच जेवले मी. आता कुटं मानूस घरात आलंय.”

त्या आत गेल्या. मी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. तासगाववाल्या बाईंची मुलगी इंजिनियर झाली, लॅबमध्ये नवं यंत्र आलं, ते स्वतःच कापतं आणि कापता कापता बहुतेक रिपोर्टही सांगतं. हवालदार हसले. अस्वलाची गोष्ट परत सांगा म्हटलं, तर त्यांनी सांगितली, आणि त्यात आता दोन अस्वलं होती. एस.टी.ची वेळ होत आली. मी उठलो, चपला घातल्या, परत काढल्या.

मी म्हटलं, “हवालदार, तेव्हा मी मॅडमना फोन करायला पाहिजे होता.”

त्यांनी हातातली शेंग मोडली, दाणे पातेल्यात टाकले.

“व्हय,” ते म्हणाले. “करायला पायजे हुता.”